सहा नंबरच्या जागी कोण? नव्या फुटबॉल कोचसाठी, पायरी-पायरीने

मुंबईत फुटबॉलचा कोच व्हायला तसं फार काही लागत नाही. एक शिट्टी, पंधरा बिब, दोन-तीन बॉल आणि रविवारी पहाटे पाचला उठायची तयारी. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा (एआयएफएफ) डी लायसन्सचा कोर्स जरूर करा. सराव कसा आखायचा याची शिस्त त्यात लागते. पण कोर्स संपवून तुम्ही मंडळाच्या पोरांसमोर उभे राहिलात की दोन प्रश्न अंगावर येतात. या पोरांना एका पद्धतीने खेळायला शिकवायचं कसं? आणि ज्याच्या जिवावर हा संघ आठ वर्षं चाललाय तो सहा नंबर, म्हणजे बचावाच्या पुढे मैदानाच्या मध्यात खेळणारा, आता थकलाय, त्याचं काय करायचं?

हे दोन प्रश्न मी बरीच वर्षं वेगवेगळे समजत होतो. ते एकाच धाग्याची दोन टोकं आहेत हे कळेपर्यंत एक आख्खा मोसम हातचा गेला.

पायरी १: आधी मैदान बघा, टीव्ही नंतर

नवा कोच शनिवारी रात्री मँचेस्टर सिटीची मॅच बघतो आणि रविवारी सकाळी क्रॉस मैदानावर गोलीला सांगतो, "लांब मारू नको, स्टॉपरला छोटा पास दे." (स्टॉपर म्हणजे गोलीसमोरचा बचावपटू.) जुलैच्या चिखलात तो पास तीन मीटर जाऊन बसतो, समोरचा फॉरवर्ड चालत येतो आणि गोल करून जातो. मग कोच म्हणतो, पोरांना समज नाही. समज कुणाला नाही ते सांगायला नको.

आपल्याकडे हिवाळा-उन्हाळ्यात मैदानं क्रिकेटची. फुटबॉलच्या वाट्याला पूर्वापार पाऊस आला. हल्ली त्यात टर्फची भर पडली: जाळी लावलेला, तासावर भाड्याने मिळणारा छोटा हिरवा चौकोन. म्हणजे तुमची पोरं निम्मा वेळ चिखलात खेळणार आणि निम्मा वेळ पाच-पाचच्या टर्फवर. टर्फवर पाय चटपटीत होतात, पण ऑफसाइड नसतो, साठ मीटरवरच्या विंगरला बॉल बदलून द्यायची वेळ येत नाही, आणि पास चुकला तर जाळी तो परत आणून देते. टर्फवर वाढलेला मुलगा मोठ्या मैदानावर आला की बॉलच्या मागे धावत सुटतो, कारण अंतर कसं राखायचं हे त्याला कुणी शिकवलेलंच नसतं.

हे सगळं डोळ्यांपुढे ठेवून पद्धत कागदावर लिहा. चार ओळी पुरे: बॉल आपल्याकडे असताना काय, बॉल गेल्या क्षणी काय, त्यांच्याकडे असताना काय, परत मिळाल्या क्षणी काय. ४-३-३ की ४-४-२ ही खेळाडूंची मांडणी त्यात येत नाही. ते नंतर ठरवलं तरी चालतं. आमची दुसरी ओळ अशी होती: "बॉल गेला की जवळच्या दोघांनी पाच सेकंद झडप घालायची, बाकीच्यांनी मधली जागा बंद करायची." पहिल्या ओळीला मात्र दोन रूपं दिली होती, कोरड्याचं आणि ओल्याचं. कोरड्यात मधल्या माणसातून, म्हणजे सहा नंबरमधून, खेळायचं. चिखल असला तर बॉल त्याच्या डोक्यावरून पुढे, आणि मधल्याने खाली पडणारा दुसरा बॉल उचलायचा. रूप बदललं तरी मधला माणूस तोच राहतो, हे लक्षात ठेवा.

पायरी २: माणसाचं नको, जागेचं काम लिहा

आमचा सहा नंबर तेव्हा पस्तिशीचा. रेल्वेच्या कारखान्यात नोकरी, गुडघ्याला नी कॅप. तो नेमकं काय करतो असं कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, "खेळ बांधतो." छान वाक्य आहे, पण त्यातून एकोणीस वर्षांच्या पोराला शिकवण्यासारखं काही हाती लागत नाही.

मग एका मॅचला भाच्याच्या हातात मोबाइल दिला आणि सांगितलं, बॉल कुठेही जाऊ दे, तू सहा नंबरला सोडायचं नाही. रात्री ते बघत बसलो.

बॉल येण्याआधी तो दोनदा मागे बघतो. एकदा, आपल्या स्टॉपरला बॉल मिळतो तेव्हा. दुसऱ्यांदा, स्टॉपरचा पाय पाससाठी मागे जातो तेव्हा. बॉल घेताना तो कधीच सरळ आपल्या गोलीकडे तोंड करून उभा नसतो; अंग तिरकं, एका डोळ्यात स्टॉपर आणि दुसऱ्यात समोरचा विंगर. डावा बॅक, म्हणजे डाव्या कडेचा बचावपटू, वर गेला की तो काही न बोलता पाच-सात पावलं डावीकडे सरकतो, त्या रिकाम्या जागेच्या तोंडाशी. फाउल करतो, पण हाफ लाइनच्या आसपास. आपल्या डीजवळ, म्हणजे गोलसमोरच्या चौकटीजवळ, एकही नाही.

इतकं होईपर्यंत मोबाइलचा आवाज बंद होता. आवाज सुरू केला तेव्हा खरा उजेड पडला. हा माणूस सतत बोलत होता. "पाठ" म्हणजे मागे माणूस आहे. "वळ" म्हणजे मोकळा आहेस. "परत" म्हणजे ज्याच्याकडून आला त्यालाच दे. दोन्ही स्टॉपर, दोन्ही बॅक त्याच्या आवाजावर चालत होते. अर्धं काम तो पायाने करत होता, अर्धं तोंडाने, आणि त्या दुसऱ्या अर्ध्याचा मला आठ वर्षांत पत्ता नव्हता.

प्रत्येक जागेसाठी असा चार-पाच ओळींचा कागद करा. माणसाचं नाव न घालता. अकरा कागद झाले की तुमची खेळाची पद्धत तयार झाली, वेगळी कुठे शोधायला नको. जागा रिकामी झाली की नव्याला काय शिकवायचं तेही त्यातच आहे. माझा हरवलेला धागा तो हाच.

पायरी ३: शिकवा, पण भाषण देऊ नका

तुमच्याकडे आठवड्यातून फार तर दोनदा दीड-दीड तास आहे, त्यातला एखादा कुणाची लोकल अडकली म्हणून जाणार. मी तो असा वापरतो.

सुरुवात रोंडोने. आठ पावलं लांब, आठ पावलं रुंद चौकोन. चार बाहेर, दोन आत. बार्सिलोनात हाच खेळ लहान पोरांपासून पहिल्या संघापर्यंत रोज चालतो. आपल्याकडे लोक तो गंमत म्हणून खेळतात, पास मोजतात, हसतात, संपलं. त्यात दोनच नियम घाला. आतल्या दोघांच्या मधून पास गेला तर दोन गुण. आणि पास देणाऱ्याने पासबरोबर शब्द द्यायचा: पाठ, वळ किंवा परत. शब्द नाही दिला तर आत जायचं. पहिले दोन आठवडे पोरं लाजतात, कुजबुजतात. तिसऱ्या आठवड्यात मैदानाबाहेरच्या चहावाल्यालाही ते शब्द पाठ होतात.

मग समोर कुणीही नसताना अकरा जणांची हालचाल. हे पोरांना वेडेपणा वाटतं. एसी मिलानच्या खेळाडूंनाही तसंच वाटलं होतं, जेव्हा त्यांचे कोच अर्रिगो साक्की त्यांना प्रतिस्पर्ध्याविना, कधी कधी बॉलविनाही, मैदानभर हलवायचे. त्या मिलानने १९८९ आणि १९९० असे लागोपाठ दोन युरोपियन कप जिंकले. तुम्ही बॉल हातात घेऊन चालत जा आणि विचारा: बॉल इथे आहे, तू कुठे? डावा बॅक वर गेलाय, मागची जागा कुणाची? उत्तर तोंडाने घेऊ नका, पायाने घ्या. पंधरा मिनिटं पुरे, त्याहून जास्त झालं की डोकी फिरतात.

उरलेला वेळ खेळ. सहा विरुद्ध सहा किंवा आठ विरुद्ध आठ, पण एका अटीसह, आणि ती अट त्या दिवशी शिकवलेल्या गोष्टीचीच. मधल्या माणसातून खेळणं शिकवलं असेल तर मधल्याने बॉल मिळाल्यावर दोन स्पर्शांत पुढे दिला तर त्यातून आलेला गोल दुप्पट. "मधून खेळा रे" असं शंभरदा ओरडण्यापेक्षा ही एक अट जास्त शिकवून जाते. खेळ थांबवायचाच असेल तर अर्ध्या तासात तीनदा, त्याहून जास्त नको. थांबवल्यावर स्वतः उत्तर सांगू नका. "आता इथून काय दिसतंय तुला?" एवढंच विचारा. बऱ्याचदा पोराला दिसत असतं, धीर नसतो.

आणि ओल्या मैदानाचा सराव ओल्या मैदानावरच घ्या. पाऊस आला म्हणून सराव रद्द करणारा कोच मॅचच्या दिवशी पावसाला शिव्या घालताना दिसतो.

पायरी ४: वय जन्मतारखेत शोधू नका

गोली आणि स्टॉपर उशिरा थकतात, विंगर आणि बॅक लवकर. त्यांची कमाई धावण्यावर असते. मधला माणूस सगळ्यात फसवा. त्याचा पास पस्तिशीतही तसाच सुंदर जातो, त्यामुळे टाळ्या वाजत राहतात आणि खालून जमीन सरकते.

बघायचं ते साठाव्या ते पंचाहत्तराव्या मिनिटात. पहिली धाव तो जिंकतो; लगेच दुसरी धावावी लागली तर पोचतो का ते बघा. फाउल हाफ लाइनवरून आपल्या डीकडे सरकलेत का? आणि तो स्टॉपरच्या किती जवळ उभा राहायला लागलाय? थकलेला मधला माणूस नकळत मागे येतो, कारण पाठीमागची जागा झाकायची ताकद उरलेली नसते. तो पाच पावलं मागे आला की त्याच्या आणि फॉरवर्डच्या मध्ये वीस पावलांची खिंड पडते, आणि दोष लागतो फॉरवर्डला: "हा परत येत नाही." आमच्याकडे नेमकं असंच झालं. मी दोन फॉरवर्ड बदलले. सहा नंबरकडे बघितलंच नाही.

पायरी ५: "तसाच दुसरा" शोधू नका

मँचेस्टर युनायटेडचा गोली पीटर श्मायकेल १९९९ मध्ये गेला. अलेक्स फर्ग्युसनसारखा जाणता कोच, पाहिजे तेवढा पैसा, तरी बॉस्निच, ताइबी, बार्तेझ असे एकामागून एक आले, आणि २००५ मध्ये व्हॅन डर सार आला तेव्हा कुठे ती जागा शांत झाली. सहा वर्षं. त्याच वर्षी मधल्या फळीचा रॉय कीन गेला. पुढच्या उन्हाळ्यात त्याचा १६ नंबरचा शर्ट मायकल कॅरिकला मिळाला. कीन झोंबणारा, धमकावणारा. कॅरिक शांतपणे पास देणारा. शर्ट तोच ठेवून फर्ग्युसननी कामाची वाटणी बदलली, आणि २००७ पासून सलग तीनदा लीग जिंकली.

अंधेरीच्या मैदानावर मुंबई सिटीनेही असंच एक कोडं सोडवलं. इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) २०२०-२१ ला कोच सर्जिओ लोबेराच्या हाताखाली शील्ड (साखळीत अव्वल) आणि कप (फायनलचा) दोन्ही आले तेव्हा मध्यभागी सूत्रधार होता अहमद जाहू. २०२१ मध्ये अपुइया आला आणि दोन मोसम जाहूच्या शेजारी खेळला. २०२३ मध्ये जाहू ओडिशाला गेला, तेव्हा मधलं काम अपुइया आणि नव्याने आलेला योएल व्हान नीफ यांच्यात वाटलं गेलं. त्या मोसमात कोचसुद्धा मध्येच बदलला, डेस बकिंगहॅम गेले, पेत्र क्रात्की आले, तरी मे २०२४ मध्ये कोलकात्यात मोहन बागानला ३-१ ने हरवून कप मुंबईत आला. आयएसएलचा पैसा आपल्याकडे नाही, पण हिशेब तोच चालतो: एकाचं काम दोघांत वाटा.

म्हणून पायरी २ चा कागद काढा आणि ओळींवर खुणा करा. मागे बघणं कुणाला जमतं? फाउलची जागा कुणाला कळते? बोलतो कोण? आमच्याकडे उत्तर तीन जणांत निघालं. मागे बघायची सवय उजव्या विंगरला होती, वय वर्षं १९, पायात फार वेग नव्हता म्हणून विंगेवर वायाच जात होता. आवाज डाव्या स्टॉपरचा मोठा होता. दुसरा बॉल उचलायची भूक आठ नंबरला, म्हणजे मध्यातच जरा पुढे खेळणाऱ्याला, होती. विंगरला आत घेतला, बोलायचं काम स्टॉपरला दिलं, आठ नंबरला चार पावलं मागे ओढलं.

जागा बदलून खेळाडू उभा राहणं यात नवल काही नाही. इटलीचा आंद्रेआ पिर्लो आधी फॉरवर्डच्या मागे खेळायचा. त्याला खाली आणल्यावर जगाला खरा पिर्लो कळला.

पायरी ६: दोघं एकत्र खेळले पाहिजेत

इथे मी मार खाल्ला तो सांगतो. मोसमाच्या पहिल्याच मॅचला सहा नंबरला बाहेर बसवून त्या एकोणीस वर्षांच्या पोराला उतरवलं. समोर तगडा संघ, धो धो पाऊस. हाफ टाइमला चार गोल. दुसऱ्या हाफमध्ये मी त्याला काढलं, आणि हे सगळ्यात वाईट केलं. पोरगा पुढचे दोन आठवडे सरावाला फिरकला नाही. आईने फोनवर सांगितलं, "तो म्हणतो क्लास आहेत." जूनमध्ये कसले क्लास?

नीट करायचं तर असं करा. पहिला मोसम: नवा शेवटची वीस मिनिटं उतरतो, जुना मैदानावरच असतो, दोघं शेजारी. दुसरा मोसम: नवा सुरुवात करतो, जुन्याला एक ओळ मागे घ्या, स्टॉपरमध्ये. मँचेस्टर सिटीत कोच पेप ग्वार्दिओलाने २०१९ मध्ये मधल्या जागेसाठी रॉड्रीला आणलं तेव्हा ३४ वर्षांच्या फर्नांडिन्होला घालवलं नाही. व्हिन्सेंट कोंपनी गेलेला, लापोर्त जखमी, म्हणून फर्नांडिन्हो स्टॉपर खेळला आणि रॉड्री त्याच्या डोळ्यांदेखत शिकला. फर्नांडिन्हो गेला २०२२ मध्ये. २०२३ च्या चॅम्पियन्स लीग फायनलमधला एकमेव गोल रॉड्रीचा. त्याच सिटीने रॉड्रीमागे मात्र कुणाला तयार केलं नव्हतं. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचा गुडघा गेला आणि संघ विस्कटला.

तिसऱ्या मोसमात जुना बेंचवर. एका गोलाने पुढे असाल तर शेवटची पंधरा मिनिटं त्याला उतरवा. तेवढ्या वेळात त्याच्यासारखी मॅच कुणी बंद करू शकत नाही.

घाई असेल तर तीनाचे दोन मोसम करा, पण शेजारी खेळायचा काळ कापू नका. भारताच्या संघाने हेच बघितलं. सुनील छेत्री जून २०२४ मध्ये ९४ गोलांवर थांबला आणि मार्च २०२५ मध्ये चाळिशीत त्याला परत बोलवावं लागलं. आल्या आल्या मालदीवविरुद्ध त्याने गोलही केला. छेत्रीचं कौतुक करावं तेवढं थोडं, पण त्याच्या शेजारी नऊ नंबर, म्हणजे मुख्य गोल करणारा, म्हणून सलग वाढवलेला कोण होता?

पायरी ७: जुन्याशी बोलणं

हे व्हॉट्सअॅप ग्रुपवर करायचं नाही. मॅचनंतर नाही, मैदानावर नाही. मोसम सुरू व्हायच्या महिनाभर आधी, दोघंच.

आम्ही परळ स्टेशनबाहेर चहाला भेटलो. मी बरंच काही ठरवून गेलो होतो. त्याने कटिंग संपवलं आणि स्वतःच विचारलं, "काढतोयस का मला?"

"जागा बदलतोय. स्टॉपरला ये."

"म्हणजे अर्धा काढतोयस."

मी त्याला तो कागद दाखवला, त्याच्याच कामाचा, पाच ओळींचा. त्याने दोनदा वाचला. म्हणाला, "मी दोनदा मागे बघतो? मला माहीतच नव्हतं." मग बराच वेळ रस्त्याकडे बघत बसला. "एक राहिलंय यात. पावसात मी वळत नाही. पावसात वळलास की बॉल राहतो आणि आपण जातो. त्या पोराला हे सांग."

"तूच सांग."

या भेटीत तीन गोष्टी त्याच्या हातात द्या. नवी जागा, नेमकी, "बघू पुढे" असं मोघम नको. शिकवायचं काम, तेही नाव घेऊन: अमुक पोरगा, दर सरावाला शेवटची दहा मिनिटं तुझा. आणि कॅप्टनचा पट्टा त्याच्याकडेच ठेवा. जागा आणि पट्टा एकाच वेळी काढलात तर ड्रेसिंग रूम, म्हणजे आपल्याकडे झाडाखालची पिशव्यांची जागा, दोन तुकड्यांत बसायला लागते.

पायरी ८: बदल झाल्यावरचा पहिला महिना

नव्याला पहिल्या चार मॅचमध्ये हाफ टाइमला काढायचं नाही, चार गोल खाल्ले तरी. गोल कुठून खाल्ले ते मात्र लिहून ठेवा: त्याच्या पाठीमागून की बाजूने? पाठीमागून असतील तर तो मागे बघत नाहीये, रोंडोकडे परत जा. बाजूने असतील तर बॅक वर गेल्यावर जागा भरली जात नाहीये, मग चूक त्याच्या एकट्याची नसते. आमच्या पोराने तिसऱ्या मॅचपर्यंत तोंड उघडलं नव्हतं. चौथ्या मॅचला कूपरेजवर, विसाव्या मिनिटाला त्याचा पहिला "पाठ!" ऐकू आला, जरा उशिरा, बॉल गेल्यावर, पण आला.

आणि त्याच महिन्यात बाकीचे दहा कागद परत काढा. आमचा डावा स्टॉपर, तो मोठ्या आवाजाचा, या दिवाळीत तेहतीस पूर्ण करतो. भाच्याला सांगून ठेवलंय, पुढच्या रविवारी मोबाइल चार्ज करून आण.